बदललेल्या इंजिनासाठी एक ओळ ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांच्या किमतींवर लेख आला आणि त्यावर गेल्या आठवड्यात दोन पत्रं छापून आली. एक पत्रलेखक म्हणतात, इंजिन बदललेली क्लासिक गाडी म्हणजे पॉलिश मारलेलं भंगार. दुसरे म्हणतात, गाडी चालवण्यासाठी असते, त्यामुळे हवं ते इंजिन टाका आणि मजा करा. दोघांच्याही नखांत कधी काळं ऑइल गेलेलं दिसत नाही. माझ्या गेलं आहे. अजून पूर्ण निघालेलं नाही, म्हणून लिहितो. पत्र लांबलं आहे. कापायचं असेल तर खुशाल कापा, पण शेवटचा पितळी पट्टीचा भाग तेवढा ठेवा.

मी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात इंजिन असेंब्लीला फिटर होतो. सकाळची पाळी असली की दुपारी आणि रात्रपाळी असली की सकाळी, भायखळ्याच्या एका गॅरेजात हात चालवायचो. कारखान्यात दिवसभर एकच १०८९ सीसीचं इंजिन, तर गॅरेजात रोज नवी भानगड. आता वय चौऱ्याहत्तर. गुडघे गेले, कान शाबूत आहेत. खालून जाणाऱ्या गाडीचा टॅपेट वाजतोय की पिस्टन, हे चौथ्या मजल्यावरून सांगतो. घरचे म्हणतात, एवढं ऐकू येतं तर कुकरच्या शिट्ट्या मोजा.

गोष्ट १९८१ची. दादर पारशी कॉलनीतले एक बावाजी आमच्या गॅरेजचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्याकडे एम.जी. टीडी ही विलायती स्पोर्ट्‌स गाडी होती, १९५१चं मॉडेल. दोन सीट, कापडी टप, मागे उघड्यावर लटकवलेलं स्टेपनीचं चाक. एम.जी.ने १९५३पर्यंत या टीडी जवळजवळ तीस हजार बनवल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. आपल्याकडे आलेल्या थोडक्यांतली ही एक. शेठ दर रविवारी तिला घेऊन लोणावळ्याला चिक्की आणायला जायचे. घरात चिक्की कोणी खात नव्हतं. त्यांना घाट चढायचा असायचा.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी बोरघाटात कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, तुटला आणि ब्लॉकची, म्हणजे इंजिनाच्या ओतीव लोखंडी धडाची, कूस फाडून बाहेर आला. गाडी ट्रकवर घालून आणली. मी बॉनेटचा एका बाजूचा पाखा उचलला आणि त्या भोकातून मूठ आत घालून पाहिली. आरामात गेली.

आता हे इंजिन काय चीज होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एक्सपीएजी, १२५० सीसी, मूळ मॉरिसच्या घराण्यातलं. मॉरिसने कॉव्हेंट्रीतला ज्या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना घेतला, तिथली यंत्रं मेट्रिक मापाची होती. त्यामुळे या इंजिनाच्या बोल्टचे आटे मेट्रिक, आणि इंग्रज मेकॅनिककडे पाने व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाचे म्हणून बोल्टची डोकी व्हिटवर्थ मापाची. धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही. एक बोल्ट रस्त्यात पडला तर अख्ख्या ऑपेरा हाउसला फिरूनही त्याचा जुळा मिळायचा नाही. लेथवाल्याकडे बसून करून घ्यायचा. बोल्टची ही कथा, तर ब्लॉक कुठून आणणार?

शेठनी इंग्लंडला पत्र लिहिलं. उत्तर आलं, किंमतही आली. त्यावर इम्पोर्ट लायसन्स आणि कस्टम्सची ड्युटी. दोन्ही आकडे ऐकून शेठ आमच्या तेलकट बाकड्यावर पांढऱ्या पँटसकट बसले. कास्ट आयर्न वेल्डिंग करून पाहिलं. ब्लॉक तापवून, राखेत पुरून, सावकाश थंड केला, तरी तिसऱ्या दिवशी शिवणीच्या बाजूने केसाएवढी चीर गेली. शेवटी आमचे उस्ताद म्हणाले, "शेठ, अँबेसिडरचं टाकू."

अँबेसिडरचं इंजिन म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज, १४८९ सीसी. तेच इंजिन दोन एसयू कार्बोरेटर लावून एम.जी.ने १९५५ साली स्वतःच्याच एमजीए या स्पोर्ट्‌स गाडीत बसवलं होतं. म्हणजे आम्ही परका जावई नव्हता आणला, चुलत घरातलाच पोरगा आणला होता. हे मात्र मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या वेळी आम्ही टेपने मापलं आणि बसेल असं वाटलं, एवढंच शास्त्र.

बसता बसता एकोणीस दिवस लागले. एम.जी.चा गिअरबॉक्स तसाच ठेवला आणि तो नव्या इंजिनाला जोडायला मधली पोलादी प्लेट लेथवर केली. चार वेळा केली. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत नसला, केसभर जरी हलला, तरी पुढचं बेअरिंग महिन्याभरात खाऊन टाकतो. डायल गेज लावून रात्री एक वाजेपर्यंत फिरवत बसायचो. माउंटिंगचे ब्रॅकेट नवे केले, पण चॅसीला एकही नवं भोक पाडलं नाही. जुनीच भोकं वापरली. हा आमच्या उस्तादांचा हट्ट. "उद्या कोणी मूळ इंजिन आणलं तर त्याला शिव्या घालायला कारण नको," म्हणायचे. एक गोष्ट जमली नाही. टीडीचा रेव्ह काउंटर, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा, डायनामोच्या मागून फिरतो, आणि अँबेसिडरच्या डायनामोला तशी सोयच नाही. त्यामुळे डॅशबोर्डावरचा तो काटा शून्यावर बसला तो बसलाच.

शेठ कायद्याला घाबरणारे. आरटीओत जाऊन नवा इंजिन नंबर आरसी बुकावर चढवून घेतला. त्यानंतर गाडी तेवीस वर्षं चालली. लोणावळा झालं, महाबळेश्वर झालं, एकदा उदवाड्यापर्यंतही गेली. मुलीच्या नवजोतला आणि पुढे लग्नालाही तीच होती. २००४ साली शेठ गेले तेव्हा गाडी चालू स्थितीत होती.

आणि जुना ब्लॉक? तो मीच हातगाडीवर घालून कुर्ल्याला सीएसटी रोडच्या भंगारवाल्याकडे नेला. क्रँक, हेड, कार्बोरेटर, सगळं त्यातच. किलोच्या भावाने विकला. आलेल्या पैशांत गॅरेजातल्या पाच जणांचा वडापाव आणि चहा झाला. आपल्या पहिल्या पत्रलेखकांना राग यायचाच असेल तर या हातगाडीचा येऊ दे. इंजिन बदलण्याचा नको.

इंजिन म्हणजे गाडीचा आत्मा, असं त्यांनी लिहिलं आहे. साहेब, मी हजारो आत्मे ट्रॉलीवर रांगेत उभे पाहिले आहेत. कुठला आत्मा कुठल्या बॉडीत जाणार, हे त्या दिवशी लाइनवर आधी काय आलं त्यावर ठरायचं. आणि स्पोर्ट्‌स गाड्यांचा इतिहास पाहिला तर तो बराचसा दुसऱ्याच्या इंजिनांचाच आहे. ज्या कोब्राचे फोटो लोक भिंतीवर लावतात, ती म्हणजे इंग्लंडच्या एसी कंपनीच्या एस गाडीत कॅरोल शेल्बीने १९६२ साली बसवलेलं अमेरिकन फोर्डचं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन. त्याआधी त्याच एसमध्ये एसीचं स्वतःचं आणि ब्रिस्टल कंपनीचं इंजिन येऊन गेलं होतं. १९६४ची सनबीम टायगर म्हणजे सनबीम अल्पाइनमध्ये फोर्डचं व्ही-एट. आज टायगरला अल्पाइनपेक्षा कितीतरी जास्त भाव आहे, म्हणजे इंजिन बदलून तिची किंमत वाढली. एम.जी.च्याच एमजीबी गाडीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-एट आधी एका खासगी माणसाने बसवून विकलं. मग १९७३मध्ये कंपनीलाच सुचलं आणि तिने स्वतःच्या तशा अडीच हजारांच्या वर गाड्या काढल्या. गॅरेजात केलं तर छेडछाड आणि कारखान्यात केलं तर मॉडेल!

आता थोडं घरचं कौतुक. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात सिसिटालिया २०२ नावाची इटालियन स्पोर्ट्‌स गाडी ठेवली आहे, पिनिन फरिनाच्या बॉडीची. तिच्यात इंजिन आहे फियाट ११००चं, १०८९ सीसी, ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ स्ट्रोक. मी कुर्ल्याला जे जुळवायचो त्याचा बोअर-स्ट्रोक हाच. आपली काळी-पिवळी ज्या घराण्याच्या इंजिनावर दादर टीटीला उभी राहायची, त्याच घराण्याचं इंजिन संग्रहालयात कलावस्तू म्हणून उभं आहे. हे मी आमच्या लाइनवरच्या जुन्या सोबत्यांना सांगितलं तर एक जण म्हणाला, "मग आपल्याला ओव्हरटाइम का नाही मिळाला?"

आपल्या देशी कारखान्यांनीही हेच केलं. आमच्याच कंपनीने १९८५ साली काढलेली ११८ एनई म्हणजे फियाट १२४ची बॉडी आणि आत निस्सानचं ११७१ सीसी इंजिन. त्यातल्या 'एनई'चा अर्थच निस्सान इंजिन. काँटेसाची बॉडी मूळ व्हॉक्सहॉलची. तिला आधी तेच अँबेसिडरचं १४८९ सीसी इंजिन लावलं, त्यात ती जेवण जास्त झालेल्या माणसासारखी चालायची. मग इसुझुचं १८०० सीसी आलं आणि काँटेसा काँटेसा झाली. उलटी अदलाबदलही झाली. मद्रासच्या स्टँडर्डने रोव्हरची देखणी बॉडी आणली, जी विलायतेत व्ही-एटवरही मिळायची, आणि आत स्वतःच्या जुन्या व्हँगार्ड गाडीच्या काळातलं दोन लिटरचं बसवलं. थोड्याच वर्षांत स्टँडर्ड २००० बंद पडली. सांगायचं ते एवढंच की इंजिन बदलणं चांगलं की वाईट, असा सरसकट प्रश्नच येत नाही. कुठलं, कशात आणि कोणी बदललं, हे बघावं लागतं.

तरीही मूळपणाचा आग्रह धरणारे वेडे आहेत असं मी म्हणणार नाही. २०१८ साली कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या लिलावात फेरारी २५० जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. अशा गाड्या एकूण ३६ बनल्या. एवढे पैसे मोजणारा माणूस लोखंड विकत घेत नाही, पुरावा विकत घेतो. हीच ती गाडी, हेच तिचं इंजिन, याचा कागदोपत्री पुरावा. तो पुरावा फाटला की किंमतही उतरणार, यात अन्याय काही नाही.

पण इंजिनावरचा नंबर कागदांतल्या मूळ नंबराशी जुळला की सगळं जुळलं, हे मात्र मला पटत नाही. माझ्या मोठ्या भावाची परळची चाळ पाडून टॉवर झाला. भावाला खोली मिळाली आणि त्याने हट्टाने दारावर जुनाच अठरा नंबर लावला. गॅलरी नाही, नळावरची भांडणं नाहीत, समोरच्या बिऱ्हाडातल्या फोडणीचा वास नाही. नंबर अठरा! गाड्यांतही असे अठरा नंबर मी पाहिले आहेत आणि, आता लिहायला बसलोच आहे तर सांगतो, एक मी स्वतः केला आहे.

१९८०च्या दशकातली गोष्ट. गाडी कुठली ते सांगत नाही. गिऱ्हाइकाकडे नंबर नसलेला बदली ब्लॉक होता आणि त्याला आरसी बुकातला जुनाच नंबर त्यावर हवा होता. नागदेवी स्ट्रीटवरून आकडे ठोकायचा पंचसेट आणला, ब्लॉकवरची नंबराची जागा घासून गुळगुळीत केली आणि आकडे ठोकले. कारखान्याच्या पंचाचा इंग्रजी चार वरून उघडा होता, माझा बंद. चार आकडी नंबरात दोन चार. माहीतगार माणसाने बॅटरी मारून पाहिलं असतं तर पहिल्याच नजरेत धरला असता. कोणी पाहिलं नाही. आरटीओत कागद लावून पेन्सिल फिरवली, छाप उमटला, काम झालं. मिळालेले पैसे आता आठवत नाहीत, पण तो बंद चार आठवतो. नाव छापू नका अशी विनंती शेवटी केली आहे, ती यासाठी.

हल्ली रविवारी सकाळी नातू मला वरळी सी फेसला घेऊन जातो. हौशी मंडळी आपापल्या गाड्या घेऊन जमतात. मी कट्ट्यावर बसून चहा पितो आणि ऐकतो. त्यात एक चार्टर्ड अकाउंटंट आहेत. त्यांच्याकडे जग्वार ई-टाइप नाही, पण बोलायला लागले की वाटतं, रोज तिच्यातूनच बॅलार्ड इस्टेटला जातात. ते म्हणत होते, "मॅचिंग नंबर नसेल तर ते वाहन आहे, क्लासिक नाही." समोर विक्रोळीचा एक पोरगा. आजोबांची पद्मिनी त्याला मिळाली आहे आणि तिच्यात मारुती ईकोचं १२०० सीसीचं इंजिन बसवायचं म्हणतोय. तो म्हणाला, "सर, तुमचं क्लासिक महिन्यातून एकदा ट्रकवरून येतं. मला रोज जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून जायचंय."

मला विचारलं, काका, तुम्ही सांगा. मी म्हटलं, ईकोचं इंजिन गाडीच्या लांबीला धरून बसतं आणि पद्मिनीसारखंच मागची चाकं चालवतं, म्हणजे निवड मूर्खपणाची नाही. पण पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, चाळीस-पंचेचाळीस घोड्यांच्या हिशोबाने केलेले. तू सत्तरच्या वर घोडे जुंपणार आणि लगाम आजोबांचाच ठेवणार? आधी ब्रेक बघ, स्टिअरिंग बॉक्सचा प्ले बघ, मग इंजिनाकडे ये. आणि आधी आरटीओची परवानगी काढ. मग विचारलं, जुन्या इंजिनाचं काय करणार? तर म्हणाला, "गॅरेजवाला एक्स्चेंजमध्ये घेतोय ना, आठ हजार कमी करतोय."

तिथे मला माझी हातगाडी दिसली.

त्याला जे सांगितलं ते इथे लिहितो, कोणाच्या उपयोगी पडलं तर पडलं. काढलेलं इंजिन विकू नकोस. पाणी पूर्ण काढून टाक, ब्लॉकमध्ये राहिलं तर आतून कुजवतं. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोड, क्रँक हाताने दोन फेरे फिरव आणि प्लग परत लाव. इनटेक, एक्झॉस्ट, जी जी तोंडं उघडी आहेत त्यांना लाकडी बुचं ठोक. वर प्लास्टिक गुंडाळू नको, मुंबईच्या पावसाळ्यात आत घाम धरतो. जुनी सुती चादर टाक. गणपतीत एकदा आणि होळीला एकदा क्रँक फिरवत जा. आणि पत्र्याच्या पट्टीवर तारीख, किलोमीटर आणि काढण्याचं कारण लिहून ती तारेने बांध. मुंबईत दोन बाय तीन फूट जागा काय भावाने पडते हे मला माहीत आहे. आमच्याकडे शिलाई मशीन ठेवायला जागा नाही म्हणून ते अजून बहिणीकडे आहे. तरी ठेव. पलंगाखाली ठेव. फक्त पोटमाळ्यावर चढवू नको, खालच्या माणसाचा विचार कर.

अकाउंटंटसाहेबांना हे आवडलं नाही, पण हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. जुन्या वाहनांची फिवा नावाची जागतिक संघटना आहे, १९६६पासूनची. जग्वारने ई-टाइपमध्ये बॅटरी आणि मोटर बसवली आणि २०१८ साली विंडसरला राजघराण्यातल्या लग्नात तशीच एक गाडी मिरवली. पुढे जुन्या गाड्या विजेवर करण्याची टूम निघाली, तेव्हा या संघटनेने सांगितलं की आम्ही अशा बदलाचा पुरस्कार करू शकत नाही, पण कोणी करणारच असेल तर तो परत फिरवता येईल असा करा आणि काढलेले मूळ भाग खुणा करून जपून ठेवा. विजेची जग्वार मला स्वतःला कशीतरीच वाटते. ई-टाइप आवाज न करता गेली तर मान वळवायची कशाला? पण खुणा करून ठेवा, हे वाक्य आमच्या उस्तादांच्या तोंडी शोभलं असतं.

आता सरकारी बाजू. मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ सांगतं की परवानगीशिवाय गाडीत फेरफार करू नका, आणि त्यात इंजिन बदलणंही आलं. ते योग्यच आहे. वेल्डिंगच्या दुकानात चॅसी कापून लांब केलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, त्यांच्या मागून स्कूटर चालवायचीही भीती वाटते. माझी अडचण २०२१च्या विंटेज वाहनांच्या नियमाशी आहे. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडीच विंटेज. तिला वीस हजार रुपये भरून दहा वर्षांची नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर. हेतू चांगला आहे. पण शेठची टीडी यात कुठे बसते? सत्तरीच्या पुढची गाडी, बॉडी मूळ, चॅसी मूळ, चॅसीला एक भोक नवीन नाही. इंजिन १९८१ साली बदललं, का तर तेव्हाच्या आयातबंदीत दुसरा मार्ग नव्हता म्हणून. ते बदलणंच आता त्या काळाचा पुरावा झालं आहे. लायसन्स राजमध्ये मुंबईतली एक विलायती स्पोर्ट्‌स गाडी कशी जगली, हे त्या अँबेसिडरच्या इंजिनाइतकं स्पष्ट दुसरं कोण सांगणार?

नियम सैल करा असं मी म्हणत नाही. एक रकाना वाढवा. इंजिन बदललेलं असल्यास कोणत्या साली, मूळ कोणतं, आताचं कोणतं, मूळ इंजिन उपलब्ध आहे की नाही. एवढं लिहायला जागा असली तर माणूस खरं लिहील. जागा नसली तर खरं सांगणाऱ्याची गाडी दाराबाहेर आणि पंचसेटवाल्याची आत. रॅली भरवणाऱ्या क्लबांनीही असाच एक वेगळा गट ठेवावा आणि बॉनेटवर पाटी लावावी. लोक नाकं मुरडतील म्हणून घाबरू नये. आमच्या भजनी मंडळाच्या पेटीत जर्मन रीड होत्या. त्या निकामी झाल्या तेव्हा देशी, पालिताण्याच्या टाकल्या. आवाज वेगळा आला, चार बुवांनी तोंडं वाकडी केली, पण एकादशी काही चुकली नाही. उद्या ती पेटी आम्ही जर्मन रीडची म्हणून विकली तर तो चावटपणा होईल. पालिताण्याची म्हणून विकली तर ती चांगली, वाजती पेटी आहे.

आता पट्टीबद्दल. एक्सपीएजी इंजिनाचा नंबर ब्लॉकवर ठोकलेला नसतो, तो पितळेच्या छोट्या अष्टकोनी पट्टीवर असतो आणि ती पट्टी इंजिनाला बसवलेली असते. ब्लॉक हातगाडीवर चढवण्याआधी मी ती काढून घेतली. का काढली ते सांगता येत नाही, दिसायला छान होती म्हणून असेल. चाळीसहून जास्त वर्षं ती माझ्या फीलर गेजच्या डबीत आहे. दसऱ्याला हत्यारांबरोबर तिलाही झेंडूचं फूल मिळतं.

दोन महिन्यांपूर्वी शेठच्या नातवाचा फोन आला. गाडी विकायची आहे. किंमत करायला आलेल्या गृहस्थांनी बॉनेट उघडलं, अँबेसिडरचं इंजिन पाहिलं आणि आधी बोललेला आकडा निम्म्यावर आणला. नातवाला वाईट वाटलं ते पैशांचं नाही. ते गृहस्थ म्हणाले, "कोणी तरी गाडीची वाट लावली आहे." पोरगा म्हणाला, "काका, आजोबा तर सांगायचे की तुम्ही गाडी वाचवली."

पुढच्याच आठवड्यात एक दलाल माझा पत्ता काढत घरी आला. पट्टीची बातमी त्याला कुठून लागली देव जाणे. परदेशातून एक्सपीएजीचा ब्लॉक तो आणणार, माझी पट्टी त्यावर बसवणार आणि गाडी मॅचिंग नंबर म्हणून विकणार. माझ्या वर्षभराच्या पेन्शनपेक्षा जास्त रक्कम बोलला. अर्थात माझी पेन्शन ही काही फार उंच उडी नाही. मी त्याला चहा पाजला आणि जिन्यापर्यंत पोचवून आलो. हिने दार लावून घेताना विचारलं, "किती म्हणाला?" सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फ्रिज जुना झालाय, पण चालतोय."

शेठच्या नातवाला येत्या रविवारी घरी बोलावलं आहे. पट्टी त्याच्या हवाली करायची आहे, आणि सोबत मी सही करून लिहिलेलं एक पान. त्यावर इंजिन कुठे तुटलं, कधी उतरवलं, ब्लॉक कोणी आणि कुठे विकला, जोडप्लेट कितव्या खेपेला जमली, सगळं आहे. पट्टी कागदांच्या फायलीत राहील, कुठल्याही ब्लॉकवर जाणार नाही, असा शब्द त्याच्याकडून घेणार आहे. गाडी विकायची की ठेवायची, हे त्याचं त्याने ठरवावं. फोनवर म्हणत होता, अजून ठरत नाही. गाडी मात्र सोबत घेऊन ये असं सांगितलं आहे. मरोळला एक लेथवाला ओळखीचा आहे, डायनामोच्या मागे छोटा गिअर बसवून रेव्ह काउंटरला केबल देता येते का, ते त्याला घेऊन बघणार आहे.

आपला,
एक निवृत्त फिटर
नेहरूनगर, कुर्ला (पूर्व), मुंबई
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)